ताप आला की जंगलाचं विचारा

संपादक महोदय,

काजूचा हंगाम आला की आमच्या कणकुंबी, जांबोटी भागातली माणसं गोव्यातल्या सत्तरीकडच्या बागांत कामाला जातात. गेल्या हंगामात तिथून आलेल्या माझ्या वहिनीला सणकून ताप भरला, अंग ठणकत होतं. डॉक्टरांनी टायफॉईड धरून सलाईन लावलं. वेणी घालताना आईला केसांच्या कडेशी तिळाएवढी गोचीड चिकटलेली दिसली, तेव्हा कुठे गोचीड चावून माणसांना आणि माकडांनाही होणाऱ्या माकडतापाचा विषय निघाला. रक्ताचा नमुना जायला तोवर आठवडा गेला होता. वहिनी बरी झाली, हे नशीब.

१९५७ मध्ये शिवमोग्ग्याच्या जंगलात सापडलेला हा ताप सत्तरी, दोडामार्गपर्यंत पोचलाय. त्यावर नेमकं औषध नाही. रक्तस्रावाची भीती असल्याने ॲस्पिरिनसारख्या गोळ्या तर टाळायच्याच. उलट काखेत, जांघेत काळी खपली दिसली तर तो स्क्रब टायफस, म्हणजे रानातले बारीक किडे चावून येणारा वेगळा ताप, असू शकतो, आणि तो डॉक्सीसायक्लिनने आटोक्यात येतो. पण त्यासाठी पेशंटला नीट तपासावं लागतं, नुसतं जीभ दाखवा म्हणून भागत नाही!

डिसेंबर ते मे या काळात "रानात गेला होता का, माकडं मेलेली दिसली का?" एवढं फॅमिली डॉक्टरांनी विचारावं. संशय आल्यास नमुना कुठे पाठवायचा, याचा फोन नंबर प्रत्येक दवाखान्यात लावावा, कन्नडसोबत मराठीतही.

– एक वाचक, ता. खानापूर