बाबांची कन्नड

वडगाव, बेळगाव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आपल्या गणिताच्या सरांचं नाव आठवेना म्हणून तू रात्रभर जागलास, हे वाचून जीव कालवला. अरे, गेल्या आठवड्यात गणपत गल्लीत आपल्या वर्गातला एक जण भेटला. दहा मिनिटं बोललो, पण नाव ओठावर येईना. संध्याकाळी चहा घेताना आपसूक आलं. उशिरा येतं ते हरवलेलं नसतं रे. मेंदूचा वेग तरुणपणापासूनच हळूहळू उतरतो, नावं सापडायला वेळ लागतो. शब्दभांडार मात्र साठीतही शाबूत असतं.

बाबांचं तसं नाही, त्यांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा आजार आहे. जेवल्यावर पाच मिनिटांत "जेवायला कधी?" विचारतात. मागच्या महिन्यात वडगावातच घरची वाट चुकले. पण परवा शेजारच्या मागावर बसवलं, तर तुटलेला धागा असा सांधला की पोरं बघत राहिली. मला तिथंच रडू आलं. ताज्या गोष्टी साठवणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, या आजारात बहुधा आधी खचतो. हाताची सवय दुसरीकडे मुरलेली असते, ती बराच काळ टिकते.

डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादेत डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. २०१३ साली तो अभ्यास छापून आला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा गाठतो असं दिसलं, निरक्षरांमध्येसुद्धा. बाबा घरात मराठी, सुताच्या व्यापाऱ्यांशी कन्नड बोलायचे. सीमालढ्याच्या भरात आपण दोघांनी कन्नड बोलायचं नाही असं ठरवलं होतं, आठवतं? मराठीवरची माया तसूभर कमी झालेली नाही. पण त्या बाजारातल्या कन्नडनं बाबांना इतकी वर्षं सांभाळलं असावं, असं आता मनापासून वाटतं.

तू एवढं कर. बी-१२ आणि थायरॉईड तपासून घे. त्यातल्या कमतरतेनं येणारा विसर वेळीच औषध घेतलं तर बरा होऊ शकतो. आणि कानाचं मशीन आता टाळू नकोस. नीट ऐकूच आलं नाही, तर लक्षात काय राहणार?

गणपतीत ये. बाबा तुला ओळखतील की नाही, सांगवत नाही. पण तू त्यांच्याशी कन्नडातच बोल, मोडकीतोडकी का असेना. काल दारात दूधवाला आला, तर बाबा उठून उभे राहिले आणि हसून "बर्री, बर्री" म्हणत त्याला आत घेऊन आले.

तुझाच,
जुना बाकसोबती