ध्येयाचं पान सगळ्यात शेवटी लिही

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं. शाळेच्या विश्वस्त मंडळावर गेलास काय, आणि पहिल्याच बैठकीत माहितीपुस्तिकेतलं ‘ध्येय, मूल्ये आणि इतिहास’ हे पान तुझ्या गळ्यात पडलं काय! सोबतचा मसुदा वाचला. ‘सर्वांगीण विकास’, ‘आनंददायी शिक्षण’, ‘उद्याचे जबाबदार नागरिक’. चुकीचं त्यात काहीच नाही, आणि अडचण तीच आहे. वरचं नाव झाकलं तर हा मजकूर कुठल्याही शाळेला चालेल. शिवाय ध्येयाला तू दोन पानं दिलीस आणि इतिहासाला चार ओळी. मी असतो तर उलट केलं असतं.

का, ते एका जुन्या शाळेच्या आधाराने सांगतो. न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेजमध्ये ‘सिटी अँड कंट्री स्कूल’ आहे. दोन वर्षांच्या मुलांपासून आठवीपर्यंत, म्हणजे तुमच्यासारखीच प्राथमिक आणि माध्यमिकच्या उंबरठ्यापर्यंतची शाळा. कॅरोलाइन प्रॅट नावाच्या बाईंनी ती 1914 साली सुरू केली, तेव्हा नाव होतं ‘प्ले स्कूल’. प्रॅटबाई मूळच्या सुतारकाम शिकवणाऱ्या. बालवाडीचं प्रशिक्षणही त्यांनी घेतलं होतं, पण त्या काळच्या बालवाडीत प्रत्येक साधन कसं हाताळायचं हे आधीच ठरलेलं असे, आणि त्यांना त्याचा मनापासून कंटाळा आला. मग एका मैत्रिणीकडे सहा वर्षांचा मुलगा त्यांना दिसला. ठोकळे, खोकी, हाताला लागेल ते घेऊन त्याने जमिनीवर अख्खी रेल्वे उभी केली होती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं. ही एकाग्रता शाळेत का दिसत नाही, हा प्रश्न बाईंच्या डोक्यात बसला.

त्यातून त्यांनी लाकडी ठोकळे बनवले. जाडी, रुंदी आणि लांबी यांचं प्रमाण 1:2:4, त्यामुळे दोन छोटे ठोकळे जोडले की बरोबर एक मोठा होतो. रंग नाही, चित्र नाही, कसली सूचना नाही. पेटंटही त्यांनी घेतलं नाही, म्हणून ते जगभरच्या बालवाड्यांत पोचले आणि बाईंचं नाव मात्र फारसं कुठे पोचलं नाही. मुलं गोदीवर जात, बोटी आणि सामानाची चढउतार बघत, परत येऊन जमिनीवर बंदर बांधत. बांधताना अडलं की प्रश्न पडत, आणि त्या प्रश्नांमागे जात पुढचा अभ्यास होई. वाचायला शिकवण्याची घाई नव्हती. पालकांच्या पोटात त्यामुळे किती गोळा येत असेल, तूच कल्पना कर!

मला सगळ्यात आवडते ती थोड्या मोठ्या मुलांची व्यवस्था. तिथे वर्ग इयत्तेने ओळखत नाहीत, वयाच्या आकड्याने ओळखतात. आठ वर्षांपासून पुढे प्रत्येक गटाकडे शाळेला खरोखर लागणारं एक काम असतं. एक गट शाळेचं पोस्ट चालवतो, एक वह्या-पेन्सिलींचं दुकान सांभाळतो, अकरा वर्षांच्या गटाकडे छापखाना. दुकानाचा हिशेब चुकला तर गणित चुकतंच, शिवाय पेटीतले पैसेही कमी भरतात. छापताना अक्षर उलटं बसलं तर ते अख्ख्या शाळेला दिसतं. ‘जबाबदारी’ हे मूल्य तुझ्या मसुद्यात तीनदा आलंय. तुमच्या शाळेत ते आठवड्यातल्या कोणत्या तासाला, कुणाच्या हातात असतं, हे त्यात कुठेच नाही. तेवढं एक वाक्य मिळालं तर बाकीची तिन्ही खुशाल काढून टाक.

आता नावडती बाजू, कारण इतिहास लिहायचा तर तीही लिहावी लागते. प्रॅटबाईंना कामगारांची मुलं हवी होती. सुरुवात तशीच झाली: परिसरातल्या कष्टकरी घरांतली पाच वर्षांची मोजकी मुलं आणि तीन खोल्या. पण हळूहळू पट भरला तो लेखक-चित्रकारांच्या मुलांनी. माझा अंदाज असा की, घाम गाळून मुलाला शाळेत घालणाऱ्या बापाला मूल दिवसभर ठोकळे खेळतंय हे परवडणारं नव्हतं. ज्याच्या घरात पुस्तकांचं कपाट आहे तोच निर्धास्तपणे वाट बघू शकतो. पुढे लूसी स्प्रेग मिचेल या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी पैसा दिला, घरामागची तबेल्याची जागा दिली, स्वतः शिकवलंही. पैसा आला म्हणून शाळा टिकली. तरी ज्यांच्यासाठी ती काढली ती मुलं दारातून आत येईनात, ही गोष्ट पैशाने सुटली नाही. फी घेणाऱ्या प्रत्येक स्वतंत्र शाळेच्या पोटात हा खडा असतो. तुमच्याही आहे. पानावर तो झाकू नकोस. किती मुलांना फीसवलत देता आणि ती कोण ठरवतं, ते सरळ लिहा.

दुसरी एक गोष्ट थोडक्यात. जॉन ड्यूई या अमेरिकन तत्त्वज्ञ-शिक्षणतज्ज्ञाने शिकागोत 1896 मध्ये शिक्षणाची प्रयोगशाळा म्हणून शाळा काढली, पण ती विद्यापीठाच्या छताखाली. कारभारावरून विद्यापीठाच्या अध्यक्षांशी बिनसलं आणि 1904 मध्ये ड्यूई विद्यापीठच सोडून गेला. शाळा राहिली, आजही आहे, संस्थापक गेला. स्वतंत्र शाळेवर असं छत नसतं. अमेरिकेत तर ‘इंडिपेंडंट स्कूल’ म्हणजे ना नफा तत्त्वावरची, स्वतःच्या विश्वस्त मंडळाने चालवलेली, फी आणि देणग्यांवर जगणारी संस्था. तिथे मंडळाचं मोठं काम म्हणजे मुख्याध्यापक निवडणं आणि तिजोरी सांभाळणं. वर्गात काय चालावं यात मंडळाने बोट घालायचं नसतं. तुला ही सवय आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं!

आणि हो, इतिहासात फक्त संस्थापकांचे फोटो नकोत. प्रॅटबाईंच्या शाळेत 1930 च्या दशकात झाडलोट करणारा एक तरुण पुढे चित्रकार म्हणून गाजला, जॅक्सन पोलॉक. तुमच्याकडे असा कुणी निघेलच असं नाही, पण वर्षानुवर्षं दार उघडणाऱ्या माणसाचं नाव तरी मसुद्यात यायला हवं. सध्या एकही नाही.

तर लिहायला बसण्याआधी सगळ्यात जुन्या शिक्षकांना गाठ. विचार, पैशाची चणचण होती त्या वर्षी काय बंद केलं आणि काय काही झालं तरी बंद केलं नाही? पालक अडून बसले तेव्हा कोणत्या गोष्टीला नकार दिला? कुणाला प्रवेश नाकारल्याचं अजून वाईट वाटतं? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक गप्प बसतील, तरी विचार. जे ऐकशील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घे, गुळगुळीत करू नकोस. ध्येयाच्या ओळी त्यातून आपोआप निघतील आणि दोन पानं लागणार नाहीत.

पुढची बैठक कधी आहे ते कळव. नवा मसुदा आठवडाभर आधी पाठवलास तर नीट वाचून होईल. आदल्या रात्री पाठवलास तर फक्त शुद्धलेखन तपासून मिळेल.

तुझाच
जुना बाकमित्र