‘अनौरस’ हा शब्द बातमीत नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आफ्रिकेतील बेल्जियमची वसाहत असलेल्या बेल्जियन काँगोतील मिश्र वंशाच्या मुलींना त्यांच्या मातांपासून हिरावून नेल्याबद्दल बेल्जियमचे सरकार जबाबदार आहे, असा निकाल ब्रुसेल्सच्या अपील न्यायालयाने २ डिसेंबर २०२४ रोजी दिला. त्या निकालावर आपल्या दैनिकात आलेला लेख मी दोनदा वाचला. हा विषय आपण मराठी वाचकांपुढे आणलात, याबद्दल मनापासून आभार. मात्र लेखात या मुलांचा उल्लेख तीन ठिकाणी ‘गोऱ्या अधिकाऱ्यांची अनौरस संतती’ असा झाला आहे आणि त्या शब्दाला माझा आक्षेप आहे. मी पुण्यात गेली सव्वीस वर्षे फ्रेंच शिकवते आणि फ्रेंच कागदपत्रांची भाषांतरे करते. त्यामुळे या शब्दाने फ्रेंच कायद्याच्या मुलखात माणसांचे काय केले, हे मी कागदांवर पुष्कळदा पाहिले आहे.

दावा लावणाऱ्या पाचही स्त्रिया आज सत्तरी ओलांडलेल्या आहेत. सात वर्षांच्या होण्याआधीच त्यांना आईच्या घरातून उचलून कॅथलिक मिशनमध्ये ठेवण्यात आले, कारण आई काळी आणि बाप गोरा होता. काँगोत आणि शेजारच्या रुआंडा-उरुंडीत (आजचे रुआंडा आणि बुरुंडी) अशी असंख्य मुले होती. त्यांच्या वडिलांच्या रकान्यात ‘अज्ञात’ असे लिहिले जाई, अनेकांची नावे आणि जन्मतारखाही बदलण्यात आल्या. बाप कोण हे आईला माहीत असे, गावाला माहीत असे, पुष्कळदा ज्या कार्यालयात ही नोंद होई तेथील माणसांनाही माहीत असे. पुढे लग्नासाठी किंवा नागरिकत्वासाठी जन्माचा दाखला लागला, तेव्हा याच मुलांना तो कुठून आणायचा असा प्रश्न पडला. बेल्जियमचे तेव्हाचे पंतप्रधान चार्ल्स मिशेल यांनी ४ एप्रिल २०१९ रोजी संसदेत माफी मागितली होती. तरी २०२१ मध्ये खालच्या न्यायालयाने या पाच जणींचा दावा फेटाळला आणि अपिलात मात्र या कृत्याला मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हटले गेले. प्रत्येकीला ५०,००० युरो भरपाई मंजूर झाली. अशा स्त्रियांना मराठीत पुन्हा त्याच जुन्या रकान्यात बसवणे मला सहन होत नाही.

‘अज्ञात’ हा शब्दही साधा नाही. फ्रेंच इंडोचायनामध्ये, म्हणजे आजच्या व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियातील फ्रेंच वसाहतीत, ८ नोव्हेंबर १९२८ रोजी एक हुकूम निघाला. त्यात ज्यांचे आईवडील ‘कायदेशीररीत्या अज्ञात’ आहेत अशा मिश्र वंशाच्या मुलांना फ्रेंच नागरिकत्व कसे मिळेल, हे ठरवले होते. त्यासाठी अज्ञात पालक ‘फ्रेंच वंशाचा’ असल्याचे गृहीत धरता यावे लागे, आणि ते धरताना मुलाचे नाव, त्याला मिळालेले फ्रेंच वळणाचे शिक्षण आणि समाजातील त्याचे स्थान पाहिले जाई. ‘कायदेशीररीत्या अज्ञात’ या दोन शब्दांपाशी मी वर्गात नेहमी थांबते. माणूस डोळ्यांसमोर असतो, फक्त कायद्याला तो दिसत नाही.

या अंधत्वाचे मूळ वसाहतींत नाही, खुद्द फ्रान्समध्ये आहे. राज्यक्रांतीच्या काळात, नोव्हेंबर १७९३ च्या कायद्याने, विवाहाबाहेर जन्मलेल्या आणि आईबापांनी स्वीकारलेल्या मुलांना वारशात बरोबरीचा हक्क दिला होता. परस्त्री किंवा परपुरुष संबंधातून झालेली मुले तेवढी बाजूला राहिली. नेपोलियनच्या १८०४ च्या नागरी संहितेने ती बरोबरीही काढून घेतली आणि कलम ३४० मध्ये सरळ लिहिले की पितृत्वाचा शोध घेण्यास मनाई आहे. अपहरणाचा एक अपवाद सोडला, तर बापाचे नाव न्यायालयात उच्चारण्याची वाटच बंद झाली. ती १९१२ मध्ये काही अटींवर उघडली. म्हणजे एकशेआठ वर्षे बापाला लपण्यासाठी कायद्याची भिंत होती आणि लाज मात्र मुलाच्या वाट्याला होती.

बेल्जियमने हीच संहिता चालवली. तिथे अविवाहित आईच्या पोटी मूल जन्मले, तर नुसत्या जन्माने ती त्याची कायदेशीर आई होत नसे. तिने त्याला रीतसर ‘मान्यता’ द्यावी लागे. पाउला मार्क्स या अँटवर्पच्या पत्रकार. शहर डच भाषेचे असले तरी कायदा पॅरिसमध्ये लिहिलेला होता. त्यांची मुलगी १६ ऑक्टोबर १९७३ रोजी जन्मली आणि तेरा दिवसांनी आईने तिला मान्यता दिली. पण मान्यता दिली की अशा मुलीला आईने किती द्यावे यावर मर्यादा येई आणि न दिली तर ती कायद्याने परकी. एखाद्या परक्या माणसाला सर्वस्व देता आले असते, पोटच्या मुलीला ते देता येत नव्हते. शेवटी वर्षभराने या बाईंनी आपल्याच मुलीला दत्तक घेतले. तरीही आजी, मामा, मावशी यांच्याशी त्या मुलीचे वारशाचे नाते जुळले नाही. मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने १३ जून १९७९ रोजी बेल्जियमला दोषी ठरवले, आणि बेल्जियमचा कायदा बदलायला त्यानंतर १९८७ साल उजाडले. आईने स्वतःच्या मुलीला दत्तक घेतल्याचा तो कागद कसा दिसत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

फ्रान्सने १९७२ मध्ये बरोबरीचे तत्त्व मानले, पण आई किंवा बाप दुसऱ्या कुणाशी विवाहबद्ध असताना झालेल्या मुलाला त्यातून वगळले. १९९० मध्ये एक वृद्ध आई वारली. तिला दोन मुलगे होते. दोघेही विवाहाबाहेर जन्मलेले, पण थोरल्याला तिच्या पुढच्या लग्नामुळे औरसपण मिळाले होते आणि धाकटा ती विवाहित असताना दुसऱ्या पुरुषापासून झाला होता. थोरल्याला तीन चतुर्थांश मिळाले, धाकट्याला एक चतुर्थांश. आपल्याकडे तोळ्याला बारा मासे धरून अशा मुलाला ‘अक्करमाशी’ म्हणत, एक मासा कमी असलेला. फ्रेंच कायद्याने त्याला बारापैकी तीनच मासे दिले. मानवी हक्कांच्या त्याच युरोपीय न्यायालयाने १ फेब्रुवारी २००० रोजी, या धाकट्याच्या माझुरेक खटल्यात, हा भेद अन्याय्य ठरवला. आईच्या वर्तनाची शिक्षा मुलाला देता येत नाही. फ्रान्सने ३ डिसेंबर २००१ च्या कायद्याने ही कपात रद्द केली.

यानंतर फ्रान्सने केलेली गोष्ट माझ्या पत्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. ४ जुलै २००५ च्या अध्यादेशाने ‘औरस’ आणि ‘नैसर्गिक’ मूल ही विभागणीच नागरी संहितेतून काढण्यात आली. १ जुलै २००६ पासून ती अमलात आली. हक्क बऱ्याच अंशी आधीच समान झाले होते. तरीही शब्द काढण्याचे काम वेगळे करावे लागले, कारण जोवर कायद्यात दोन नावे आहेत तोवर दोन प्रकारची मुले आहेत, हे त्यांना पटले होते.

आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे आधी आईचे नाव आणि मग वडिलांचे नाव लिहिण्याचा निर्णय लागू झाला. अवैध विवाहातून झालेल्या हिंदू मुलांना आईवडिलांच्या वडिलोपार्जित हिश्श्यातही वाटा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२३ रोजी स्पष्ट केले. कागद बदलत आहेत. ‘औरस’ म्हणजे स्वतःच्या उरापासून झालेला. त्या अर्थाने पाहिले, तर कोणते मूल अनौरस असते?

माझी विनंती मर्यादित आहे. कायद्याचा जुना मजकूर किंवा निकाल उद्धृत करताना हा शब्द अवतरणात ठेवावा, कारण इतिहास झाकणे बरे नाही. पण वृत्तपत्र स्वतःच्या तोंडाने बोलते तेव्हा ‘विवाहाबाहेर जन्मलेली मुले’ असे लिहावे आणि जिथे बातमीला त्याची गरजच नाही तिथे तेही लिहू नये. काँगोच्या बातमीत ‘मिश्र वंशाची मुले’ एवढे पुरेसे होते.

गेल्या पावसाळ्यात एक तरुणी आपल्या आजीचा फ्रान्समधील जन्मदाखला भाषांतरासाठी घेऊन आली होती. मूळ नोंदीच्या डावीकडच्या समासात, बारीक तिरप्या अक्षरांत, आईवडिलांच्या लग्नामुळे मुलीला औरस ठरवल्याची एक ओळ होती. नोंद जशी आहे तशीच भाषांतरात आली पाहिजे, म्हणून मी तो शब्द तिथे लिहिला आणि सही केली. तरुणीने तो वाचून विचारले, “म्हणजे त्याआधी आजी कोण होती?” मी म्हटले, “तीच.” मग तो कागद तिने घडी न घालता पाकिटात ठेवला.

आपली विश्वासू,
एक फ्रेंच अनुवादिका, पुणे