बाळ पेटीत आणि आई दुसऱ्या वॉर्डात का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे नवजात शिशू विभागात परिचारिका म्हणून गेली. तिथली एक बाळंतीण अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. सिझर होऊन दुसराच दिवस होता. एका हाताने भिंत धरत, दुसऱ्या हातात चिकाची वाटी सांभाळत ती लांबलचक व्हरांडा ओलांडून आमच्या दाराशी आली. बाळ दीड किलोचे, ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीत. "सिस्टर, नुसता हात लावू द्या ना," एवढेच म्हणाली. मी वाटी घेतली आणि दार लावले. जंतुसंसर्ग नको म्हणून आईला बाहेर ठेवायचे, असे आम्हाला शिकवले होते आणि मीही नव्या मुलींना तेच शिकवले.

ते चूक होते. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या देशांतल्या पाच रुग्णालयांत जागतिक आरोग्य संघटनेने केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतातले रुग्णालय म्हणजे दिल्लीचे सफदरजंग. १ ते १.८ किलोची ३,२११ बाळे त्यात होती. निम्म्यांना रिवाजाप्रमाणे तब्येत स्थिर होईपर्यंत आईपासून वेगळे ठेवले, निम्म्यांना जन्मल्यापासूनच आईच्या उघड्या छातीशी बांधले. वेगळ्या ठेवलेल्यांपैकी २८ दिवसांत शंभरातली जवळपास १६ दगावली, आईजवळच्यांपैकी १२. ज्या जंतुसंसर्गाची आम्ही धास्ती घेत होतो, तोसुद्धा आईजवळच्या बाळांत कमी आढळला. फरक इतका स्पष्ट होता की देखरेख समितीच्या सल्ल्यावरून नवी बाळे घेणे मुदतीआधीच थांबवले गेले. (जन्मानंतर तासाभरात स्वतःहून श्वास घेऊ न शकणारी बाळे यात नव्हती, हेही सांगायला हवे.)

बाळाला असे उघड्या छातीशी धरण्याची ही 'कांगारू' पद्धत काही नवी नाही. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी ती सुरू केली, कारण तिथे पेट्या पुरत नव्हत्या. आम्हीही ती करत होतो, पण बाळ स्थिर झाल्यावर, दिवसातून तासभर. अगदी नाजूक बाळे तोवर हातची गेलेली असत.

२०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनाही जन्मल्याबरोबर कांगारू सुरू करा, असेच सांगते. तरीही बाळ एकीकडे आणि आई दुसरीकडे, हे चित्र आजही दिसते. अडचण औषधांची नाही, आईला खाट कुठे टाकायची याची आहे. शिवाय बाळ बालरोग विभागाचे आणि आई प्रसूती विभागाची. तिचे टाके, रक्तदाब, रक्तस्राव बाळाच्या वॉर्डात कोणी बघायचा? सफदरजंगमध्ये दोन्ही विभागांनी मिळून आईची खाट बाळाच्या विभागात नेली आणि तिची तपासणी तिथेच केली.

माझे मागणे एवढेच, की यापुढे नवजात कक्षाचा जो आराखडा मंजूर होईल, त्यात बाळाच्या जागेला लागून आईची खाट, जवळ शौचालय आणि न्हाणीघर असावे. तिथल्या परिचारिकांना बाळंतिणीची देखभाल शिकवावी आणि त्यांची संख्याही वाढवावी. आहे त्याच मुलींच्या डोक्यावर हे काम टाकू नये. आईला उठता येईपर्यंत आजी, मावशी, आत्या कोणीही बाळाला छातीशी घेऊ शकते. दाराबाहेर सतरंजी टाकून त्या बसलेल्याच असतात, त्यांना आत घ्या.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, मिरज