मास्टरिंगला देण्याआधी

भांडुप, मुंबई

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

पाठवलेली तुमच्या मेटल बँडची सातही गाणी ऐकली. फोनवर 'कसं वाटलं' विचारलंस तेव्हा 'छान आहे' म्हणून मोकळा झालो, कारण तू ऑफिसच्या कॅबमध्ये होतास आणि शेजारी कुणीतरी मोठ्याने हसत होतं. तशात काय बोलणार? म्हणून लिहितोय. शनिवारी मास्टरिंगला, म्हणजे आवाजाचा शेवटचा हात फिरवायला देणार म्हणालास, त्याआधी वाच.

दुसरं गाणं फार आवडलं. नऊ मिनिटांचं आहे हे संपल्यावर कळलं. चार सुरांचा तो रिफ, गिटारची परत परत येणारी ओळ, वाजून संपतो आणि ड्रमर लगेच येत नाही. आता पडेल, आता पडेल असं वाटत राहतं, आणि हा पठ्ठ्या तरीही किंचित मागेच. आमच्या मंडळात नवीन पोरं पखवाजाला बसली की त्यांची सगळी धडपड लवकर पोचायची असते. थाप मागे ठेवायला छाती लागते. त्याला माझ्यातर्फे सांग, भांडुपला आलास तर आमचे बुवा तुला परत सोडणार नाहीत.

तो रिफ पेटीवर काढून बघितला. सा आणि तीव्र मध्यम! ब्लॅक सॅबथ या इंग्लिश बँडच्या 1970 च्या पहिल्या अल्बममधलं पहिलं गाणं याच अंतरावर उभं आहे: खालचा सा, वरचा सा आणि मग मधला तीव्र मध्यम. जुने युरोपातले संगीतवाले या अंतराला 'संगीतातला सैतान' म्हणायचे. आपल्याकडे तोच तीव्र मध्यम संध्याकाळी मारव्यात, पूरियात येतो आणि कुणी घाबरत नाही, नुसती हुरहूर लागते. तुमच्या गाण्यात मला भीतीपेक्षा ती हुरहूरच जास्त ऐकू आली. तुम्ही पोरांनी काळे टीशर्ट घातले म्हणून काय झालं.

त्या बँडचा गिटारवाला टोनी आयोमी. तू त्याची गोष्ट सांगितलीस तेव्हा बारावीत होतास आणि तुला ती भारी वाटली होती. माझ्या मात्र पोटात गोळा आला होता. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात सतरा वर्षांचा पोरगा, नोकरीचा शेवटचा दिवस, दुसऱ्याच्या जागी पत्रा दाबायच्या प्रेसवर उभा केलेला. उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. मी इतकी वर्षं पॉवर प्रेसवर काढली आहेत. नीट मशीनला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय रॅम, म्हणजे वरून दाबणारा भाग, खाली येत नाही, म्हणजे हात आत राहूच शकत नाहीत. पण काम उरकायचं म्हणून एक बटण बांधून ठेवतात, नाहीतर पायाच्या पॅडलवर चालवतात. आमच्यातल्या एकाचं बोट असंच गेलं. त्याला भरपाई मिळायला किती चपला झिजल्या ते जाऊ दे.

आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या. पुढे 1971 च्या तिसऱ्या अल्बममध्ये काही गाण्यांना तारा सैल करून गिटार तीन अर्धसूर खाली नेली. जाड तार एरवी पेटीच्या पांढरी तीनला असते, ती आली काळी एकला. सैल तार दाबायला सोपी, आणि आवाज जमिनीतून आल्यासारखा. मग सगळे मेटलवाले खालीच निघाले. तुम्ही तर पांढरी सातपर्यंत गेलात. हे मला परकं वाटत नाही. पखवाजाच्या डाव्या तोंडाला मी दर वेळी ओली कणीक लावतो ती कशासाठी? पुडीचं वजन वाढलं की सूर खाली जातो आणि घुमतो. पण कणीक जास्त झाली की नुसतं भद्द वाजतं, हेही तुला लहानपणापासून माहीत आहे. तुझ्या बेसचं तिसऱ्या आणि सहाव्या गाण्यात तेच झालंय.

सहाव्याबद्दल आता स्पष्टच बोलतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळे एकाच जोरात. दादाच्या लॅपटॉपवर त्याच्या आवाजाचा आलेख बघितला, वरखाली कापलेला नुसता ठोकळा. दुसऱ्या गाण्याचा आलेख बघ, त्यात दऱ्या आहेत. मेटॅलिका या मेटल बँडच्या 2008 च्या अल्बमचं रडगाणं तूच ऐकवलं होतंस ना? आवाज इतका ठासला की फाटला, आणि गिटारच्या व्हिडिओ गेममध्ये तीच गाणी जास्त स्वच्छ ऐकू येतात म्हणून त्यांच्याच चाहत्यांनी बोंब मारली. शिवाय स्पॉटिफाय वगैरेवाले सगळ्यांचा आवाज साधारण एका पातळीवर आणून ठेवतात, हेही दिवाळीत तूच सांगितलंस. मग ठासून मिळवलंत काय? आवाज ते खाली करणार, आणि दऱ्या तुम्ही आधीच बुजवलेल्या.

मला वाटतं ही ठासायची सवय क्लबमधली आहे. 1986 पासून धोबी तलावच्या रंगभवनात इंडिपेन्डन्स रॉक हा रॉक गाण्यांचा जलसा व्हायचा. मी मित्राच्या नादाने गेलो होतो. वर उघडं आभाळ, आवाज निघून जायचा, दोन ठोक्यांच्या मधली जागा मोकळी ऐकू यायची. संपल्यावर व्हीटीला धावत शेवटची स्लो पकडली. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांत रंगभवनातले कार्यक्रम बंद पडले. बाजूला कॉलेज, जवळ हॉस्पिटलं, त्यांचंही खोटं नव्हतं. पण मग डेमॉनिक रिझरेक्शन, भयानक मौत असल्या नावांच्या बँडची मुंबईची पोरं बंद खोल्यांतच वाढली. तिथे सगळंच घुमतं, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याच्या वर जायला बघतो. रेकॉर्डिंगमध्ये कुणाच्या वर जायचंय?

आईला तुमच्या गाणाऱ्याच्या घशाची काळजी. मी तिला तू सांगितलेलं सांगितलं, की ती गुरगुर खऱ्या स्वरपटलांच्या वरच्या खोट्या पट्ट्यांवरून काढतात आणि नीट शिकलं तर घसा टिकतो. ती म्हणाली, मग मला आधी का नाही शिकवलं, साठ पोरांच्या वर्गावर ओरडून माझा आवाज बसला तो बसलाच. तरी पाचवं गाणं तिने दोनदा लावलं. शब्द एक कळला नाही म्हणते.

तर शनिवारच्या आत एवढं बघ. दुसऱ्या गाण्याला हात लावू देऊ नकोस, त्या मास्टरिंगवाल्या माणसाने कितीही 'थोडं वर आणतो' म्हटलं तरी. तिसऱ्यातला बेस उतरव. सहावं मी असतो तर काढूनच टाकलं असतं, पण ते तुम्ही चौघे ठरवा. मास्टरिंगचे पैसे कमी पडत असतील तर मेसेज कर, दादा जीपे करेल.

तुझा,
बाबा