शिरूर ताजबंदच्या मिस्त्री चाचांना, फॅन बेल्टच्या आवाजाबद्दल

चाचा, सलाम.

तुमच्याकडं साधा फोन आहे, म्हणून हे पत्र वाचून दाखवायचं काम तुमच्या नातवाला लावलंय. तुम्ही त्या दिवशी जे करून दाखवलंत ते या रस्त्यावरच्या प्रत्येक जुन्या गाडीवाल्याला कळावं, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. आणि आभार मानायचे तर कशाबद्दल मानतोय ते नीट सांगितलं पाहिजे.

आमचा सहा चाकी ट्रक जुना आहे. उदगीरहून तूरडाळीची पोती भरायची, शिरूर ताजबंदवरून नांदेडला टाकायची, हे आमचं नेहमीचं काम. सकाळी सेल्फ मारला की इंजिनातून लांबलचक 'चीं' निघायची आणि थोड्या वेळानं बंद व्हायची. रात्री हेडलाइट लावले की पुन्हा सुरू. एका गॅरेजात फॅन बेल्ट, म्हणजे इंजिनावर पंखा, वॉटर पंप आणि डायनामो फिरवणारा पट्टा, नवा टाकून दिला. काही दिवस बरे गेले, आवाज परत आला. मग बेल्ट कचकचून ताणून दिला. मग साबण घासून दिला. पुढं त्या 'चीं'च्या खाली एक बारीक खरखर ऐकू यायला लागली, आणि तेव्हा माझा धीर सुटला.

तुम्ही पान्ह्याला हातच लावला नाहीत. विचारलंत, "आवाज कव्हा येतोय ते सांग. कुठून येतोय ते मी बघतो." मी सकाळचं आणि हेडलाइटचं सांगितल्यावर तुम्ही मान हलवलीत. सेल्फ मारताना बॅटरी खाली जाते, ती भरायला डायनामोवर जोर येतो. रात्री दिव्यांमुळं तोच जोर पुन्हा येतो. जोर आला की बेल्ट डायनामोच्या पुलीवर घसरतो. सगळ्यांत लहान पुली तीच, बेल्टची मिठी तिथंच सगळ्यांत कमी, म्हणून घसरायला सुरुवात तिथून होते. एवढी गाडी चालवली, पण हे मला आजवर कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

मग चालू इंजिनावर लांबूनच बाटलीनं बेल्टवर पाणी मारलंत. 'चीं' वाढली. पाण्यानं आवाज क्षणभर गप्प होऊन परत आला असता तर पुल्या एका रेषेत नाहीत असा संशय घ्यायचा, आणि वाढला तर बेल्ट घसरतोय असं समजायचं, हे तुम्ही तिथंच सांगितलंत. तरी इंजिन बंद करून पुलीपासून पुलीपर्यंत सुतळी ताणून रेषही बघितलीत. रेष सरळ होती. आणि खालच्या खरखरीवर पाण्याचा काहीच परिणाम झाला नव्हता. म्हणजे आवाज दोन, त्यांची कारणंही दोन. माझ्या दृष्टीनं सगळ्या कामात मोलाची गोष्ट हीच, कारण तोवर जो तो एकाच आवाजाच्या मागं लागला होता.

इंजिन गार होईपर्यंत थांबलात. मग बेल्ट उतरवून, इंजिन गार ठेवणारा वॉटर पंप फिरत नसल्यानं मिनिटभराच्या आतच, इंजिन चालवून बघितलंत. दोन्ही आवाज गायब. मग बंद इंजिनावर मला आणि माझ्या क्लीनरला एकेक पुली हातानं फिरवायला लावलीत. डायनामो गुळगुळीत फिरला. वॉटर पंपाची पुली फिरवताना आत वाळू असल्यासारखं लागलं, आणि पंखा धरून हलवला तर तो चक्क डुलत होता. पंपाच्या पोटाखालच्या बारीक भोकातून कूलंटचा ओघळ वाळलेला होता, तोही तुम्हीच बोटानं दाखवलात. बेरिंग संपलं होतं आणि सीलही गेलं होतं. आमच्या इंजिनात पंखा त्याच पंपाच्या शाफ्टवर आहे. ते बेरिंग भरल्या गाडीत तुटलं असतं तर पंखा रेडिएटरच्या जाळीत घुसला असता.

दुसरा कुणी असता तर पंप बदलून मोकळा झाला असता. तुम्ही विचारलंत, बेरिंग गेलं कशानं? आणि डायनामोच्या पुलीच्या खाचेत टॉर्च मारलीत. खाचेचा तळ चांदीसारखा चमकत होता. बेल्टनं खाच दोन्ही तिरक्या बाजूंनी धरायची असते, तळाला टेकायचं नसतं. पुली झिजून खाच रुंद झाली, बेल्ट खाली बसला, तळाला टेकला आणि पकड गेली. म्हणून नवा बेल्टही ओरडत होता. ओरडतो म्हणून ताणला, ताणल्याचा भार पंपाच्या बेरिंगवर गेला. साबणानं तर धूळ धरून ठेवली आणि बेल्टच्या बाजू काचेसारख्या झाल्या. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ काय असते ते मी सांगायला नको.

पंप, डायनामोची पुली आणि बेल्ट असं तिन्ही अहमदपूरहून मागवलंत, सामानाच्या बिलावर एक रुपया चढवला नाहीत. मजुरी पंप बसवण्याची घेतलीत. शोधण्यात गेलेल्या वेळाचे पैसे देऊ केले तर रागावलात. त्या वेळापायी तुमचं दुपारचं जेवण राहिलं होतं, हे मला तुमच्या नातवाकडून नंतर कळलं. माल उशिरा पोचणार म्हणून मी घाबरलो होतो, तर नांदेडच्या व्यापाऱ्याशी तुम्ही स्वतः फोनवर बोललात. चाचा, हे कुठल्या हिशोबात धरायचं?

तुम्ही सांगितल्याप्रमाणं नवा बेल्ट थोडा चालल्यावर पुन्हा तपासला. जरा सैल पडला होता, तो ताणून घेतला. आता दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्यानं दाबला की साधारण अर्धा इंच लवतो, त्याच्यापुढं ताणत नाही. सकाळी आवाज नाही, हेडलाइट लावल्यावर नाही. माझा क्लीनर आता कुठंही गाडी थांबली की बॉनेट उघडून त्या बारीक भोकाखाली ओल आहे का बघतो. त्याला ते तुम्ही शिकवलंत, मी नाही.

आमच्याच मोंढ्यातला एक गाडीवाला पुढच्या आठवड्यात तुमच्याकडं येतोय. त्याच्याही गाडीत असाच आवाज आहे, आणि तो नवा बेल्ट विकत घ्यायला निघाला होता. मी त्याला थांबवलंय. बेल्ट बदलू नको, काही घासू नको, आहे तशी गाडी चाचांसमोर उभी कर, असं सांगितलंय. तेवढा वेळ त्याला द्या. त्याच्यासोबत उदगीरची नवी तूरडाळ पाठवतोय, ती मात्र परत करू नका.

तुमचा,
उदगीरचा डाळीच्या गाडीचा ड्रायव्हर