दारातला आशीर्वाद आणि घरातले मूल

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात लिंगओळखीच्या, म्हणजे माणूस स्वतःला स्त्री, पुरुष की तृतीयपंथी मानतो या, प्रश्नावर गेले काही दिवस प्रसिद्ध होत असलेली पत्रे मी लक्षपूर्वक वाचली. काही पत्रलेखकांना हा सारा विषय पश्चिमेकडून आलेले खूळ वाटतो, तर काहीजण शंका विचारणाऱ्या प्रत्येकाला बुरसटलेला ठरवून मोकळे झाले आहेत. दोन्हीकडचा आवेश एवढा आहे, की ज्यांच्याविषयी वाद चालला आहे ती माणसे याच इंदुरात, आपल्याच वस्त्यांमध्ये राहतात आणि हीच पत्रे वाचतात, याचे भान कोणाला राहिलेले दिसत नाही.

परकेपणाचा आक्षेप आधी घेते, कारण तो वारंवार आला आहे. इंदूरच्या जुन्या मराठी घरांना किन्नर, म्हणजे तृतीयपंथी, नवीन नाहीत. बाळ जन्मले किंवा घरात सून आली की त्यांची टोली बधाई मागायला येते, ढोलक वाजते, बाळाला मांडीवर घेऊन त्याची दृष्ट काढली जाते आणि गहू, साडी, रोख नेग (शुभप्रसंगीची बिदागी) घेऊन मंडळी आशीर्वाद देऊन जातात. येथून तासाभराच्या अंतरावर, उज्जैनच्या 2016 च्या सिंहस्थात, परंपरेने चालत आलेल्या साधूंच्या तेरा आखाड्यांची मान्यता नसतानाही किन्नर आखाडा उभा राहिला आणि भाविक त्याच्या दर्शनाला गेले. सोहागपूरच्या मतदारांनी किन्नर असलेल्या शबनम मौसी यांना मध्य प्रदेशाच्या विधानसभेत पाठवले, त्याला वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. उलट, स्त्रीवेश करून रस्त्यावर नाचणे हा अशा व्यक्तींसाठी तुरुंगवासाचा गुन्हा ठरवणारा 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा इंग्रजांनी केला होता. तेव्हा देशी काय आणि विदेशी काय, हे ठरवताना थोडा इतिहास पाहिलेला बरा.

यावर माझ्या परिचयातील एका सुशिक्षित गृहस्थांनी दिलेले उत्तर मला महत्त्वाचे वाटते, कारण ते प्रामाणिक होते. ते म्हणाले, किन्नर आपलेच आहेत, त्यांचा मानपान आम्ही करतो. पण कॉलेजात शिकणारा घरचा मुलगा उद्या मी मुलगी आहे म्हणू लागला, तर ते कसे चालेल? माझ्या मते सगळा वाद या एका वाक्यात आहे. जो दारात येतो, आशीर्वाद देतो आणि निघून जातो, त्याला आपण सोसतो, त्याच्या शापाला भितो, प्रसंगी नमस्कारही करतो. मात्र तीच व्यक्ती आपल्या पंगतीला बसणार, आपल्या आडनावाने ओळखली जाणार म्हटले की आपली सहिष्णुता संपते. तिला मग आजार म्हणावे, फॅशन म्हणावे की मोबाईलचा परिणाम म्हणावे, एवढाच प्रश्न उरतो.

मागील महिन्यात शहरातील एका मराठी संस्थेत याच विषयावर व्याख्यान झाले. प्रश्नोत्तरांच्या वेळी मधल्या रांगेतून एक मुलगी उठली. खांद्यावर कॉलेजची बॅग, मानेवर रुळणारे केस, आवाज किंचित घोगरा. पहिले दोन शब्द उच्चारताच मागच्या खुर्च्यांवर हसू फुटले. तिने माईक दोन्ही हातांनी धरला, हसू विरेपर्यंत वाट पाहिली आणि प्रश्न नव्याने सुरू केला. कागदपत्रांवर आपले नाव बदलून मिळाले आहे, पण आजी गेली तेव्हा घरच्यांनी तेराव्याला येऊ दिले नाही. यासाठी कायद्यात काही आहे का, असे तिने विचारले. वक्त्यांनी न्यायालयीन निकालांची माहिती दिली, ती उपयुक्तही होती, परंतु तिच्या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते.

कायद्यात जे आहे, ते मी येथे मांडते. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या निकालात आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती करता येणार नाही असे सांगितले. या निकालापूर्वी परिस्थिती काय होती, हे आपल्याच राज्यातील कटनीच्या उदाहरणावरून कळते. तेथे महापौरपदी निवडून आलेल्या किन्नर कमला जान यांची निवड न्यायालयाने रद्द केली होती, कारण पद महिलांसाठी राखीव होते आणि कायद्याच्या लेखी त्या पुरुष ठरल्या. पुढे 2019 मध्ये संसदेने तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा केला. कुटुंबासोबत एका घरात राहण्याचा आणि त्या घरातून वगळले न जाण्याचा हक्क त्याच्या बाराव्या कलमात आहे. अशा व्यक्तीला घर सोडायला भाग पाडणाऱ्यास सहा महिने ते दोन वर्षे कैदेची तरतूदही त्या कायद्यात आहे. मात्र त्याच बाराव्या कलमानुसार, कुटुंबाला सांभाळ करणे शक्य नसेल तर न्यायालयाने त्या व्यक्तीस पुनर्वसन केंद्रात पाठवायचे आहे. म्हणजे घर नाही तर संस्था. तेराव्याच्या पंगतीत बसू द्यावे, असे कोणतेही कलम सांगू शकत नाही.

मतभेदाला जागा नाही, असे मी म्हणत नाही. महिलांच्या क्रीडास्पर्धांत कोणी उतरावे, हा खराखुरा कठीण प्रश्न आहे आणि तो विचारणाऱ्या खेळाडू मुलीला कोणी द्वेष्टी म्हणू नये. (त्या प्रश्नाची दुसरी बाजूही आपल्या देशाने पाहिली आहे: 2006 च्या दोहा आशियाई स्पर्धेत 800 मीटर शर्यतीत रौप्यपदक मिळवणाऱ्या शांती सौंदराजन, जन्मापासून मुलगी म्हणून वाढलेल्या, लिंगचाचणीनंतर पदकाला मुकल्या आणि जगासमोर अपमानित झाल्या.) वयात न आलेल्या मुलांवर कोणते औषधोपचार करावेत, याबाबत डॉक्टरांनी आणि पालकांनी सावधपणे पावले टाकावीत, असे मलाही वाटते. पण या प्रश्नांवरील मतभेद पुढे करून प्रौढ, कमावत्या माणसाच्या अस्तित्वाचीच थट्टा करणे, ही निराळी गोष्ट आहे. एका पत्रलेखकाने ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल 2025 च्या निकालाचा विजयी सुरात दाखला दिला आहे. तेथील समानता कायद्यापुरता स्त्री म्हणजे जैविक स्त्री, असा अर्थ त्या न्यायालयाने लावला, हे खरे आहे. परंतु त्याच निकालात ट्रान्स, म्हणजे तृतीयपंथी, व्यक्तींना भेदभावापासून असलेले कायद्याचे संरक्षण कायम असल्याचेही स्पष्ट केले आहे. दाखला द्यायचा तर पूर्ण द्यावा.

समर्थकांनाही माझे सांगणे आहे. मुलाचे बोलणे ऐकून रात्रभर जागलेल्या आईला मागासलेली म्हटल्याने ती मुलाच्या जवळ येत नाही. तिला तिच्या भाषेत, न दटावता समजावणारे कोणी हवे असते. मी आयुष्यभर शाळेत शिकवले. 'बायल्या' ही हाक एखाद्या मुलाला बालवर्गापासून दहावीपर्यंत कशी चिकटते, हे कोणताही शिक्षक सांगेल. अशा मुलांना वर्गात कसे सामावून घ्यावे, यासाठी एनसीईआरटी या शालेय पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या केंद्रीय संस्थेने 2021 मध्ये शिक्षकांकरिता एक पुस्तिका संकेतस्थळावर ठेवली आणि गदारोळ होताच ती काढूनही घेतली. त्यातील काही शिफारशी वादग्रस्त असतील, त्या सुधारता आल्या असत्या. पुस्तिकाच काढून घेतल्याने त्या वर्गातला शिक्षक पुन्हा एकटा पडला, याचे मला मनापासून दुःख आहे.

आपणांस माझी विनंती आहे, की या विषयावर कितीही विरोधी मत असले तरी ते अवश्य छापावे, मात्र व्यक्तीच्या शरीराची व आवाजाची टवाळी करणारा मजकूर गाळावा आणि ज्यांचा हा प्रश्न आहे त्यांनी पाठवलेल्या पत्रांना आवर्जून जागा द्यावी. शहरातील मराठी संस्थांच्या ज्येष्ठांनाही एक आवाहन करते. सोयरिकी जुळवताना, भावाभावांच्या वाटणीत, सासू-सुनेच्या अबोल्यात आपण आजवर मध्यस्थी करत आलो आहोत. ज्या घराने आपल्या अशा मुलाला वा मुलीला तोडले आहे, त्या घरी दोघातिघांनी जावे, आईवडिलांचे आधी सगळे ऐकून घ्यावे आणि येत्या गणपतीत त्या मुलाला घरच्या आरतीला बोलवाल का, एवढेच विचारावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, इंदूर